तुटलेली ओळ आणि तुटलेली आज्ञा

आजचा विषय कागदावर वाचला तर फारच किरकोळ वाटतो: सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत ओळ कुठे तुटते. पण मॅन्युअल समोर ठेवून ज्यांनी कधी सर्व्हरवर काम केलंय, त्यांना हा विषय तितका किरकोळ वाटणार नाही. आज आपण तीन पद्धती तपासणार आहोत. एक, युनिक्सची मॅन-पेजेस. दोन, डोनाल्ड क्नूथ यांची अक्षरजुळणीची प्रणाली टेख. तीन, आजचा वेब. प्रत्येकीने हा प्रश्न कसा सोडवला, कुठे ती शहाणी ठरते आणि कुठे तिने हात वर केलेत, ते बघू. मग मराठीत असं लेखन करणाऱ्यांपुढचे दोन-तीन खास प्रश्न.

एक सूचना आधीच देतो. व्याख्यानात आज्ञा, पर्याय आणि फाईलींचे मार्ग पडद्यावर रोमन अक्षरांत होते. या लिखित रूपात ते उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. हायफन आणि तिरप्या रेषा मात्र मूळ जागीच आहेत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. ओळ नेमकी कुठे तुटेल हे माध्यम ठरवतं, आणि ते त्यालाच ठरवू द्यावं. पण कुठल्या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडायच्या नाहीत, हे फक्त लेखकाला माहीत असतं, आणि ते त्याने लिहितानाच सांगितलं पाहिजे. आजची बहुतेक डॉक्युमेंटेशनं नेमकी उलटी चालतात. लिहिताना कोणी काही सांगत नाही, आणि शेवटी पान बघून जिथे वाईट दिसेल तिथे ठिगळ लावलं जातं.

पणाला काय लागलंय

साध्या गद्यात ओळ वाईट ठिकाणी तुटली तर काय होतं? वाचणारा अडखळतो, एवढंच. मराठी वाचकाला याचं रोजचं उदाहरण म्हणजे नावांची आद्याक्षरं. ओळीच्या शेवटी 'पु.' आणि पुढच्या ओळीत 'ल. देशपांडे'. किंवा एका ओळीत 'इ. स.' आणि खाली '१८४८'. डोळ्याला खुपतं, पण अर्थ बदलत नाही. पु. ल. कोण हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे मन ती फट आपोआप बुजवतं.

आज्ञेच्या बाबतीत मन फट बुजवू शकत नाही, कारण वाचणारा ती आज्ञा पहिल्यांदाच बघत असतो. म्हणूनच तर त्याने मॅन्युअल उघडलंय!

एक काल्पनिक पण अगदी शक्य असलेलं उदाहरण घेऊ. परिच्छेदात मध्येच असं लिहिलंय की जुना साठा काढून टाकायला 'आरएम' ही पुसण्याची आज्ञा द्या, सोबत '-आरएफ' हा पर्याय, आणि मार्ग '/डेटा/ग्राहक/जुने'. आता ही ओळ तिसऱ्या तिरप्या रेषेनंतर, म्हणजे 'ग्राहक/' नंतर तुटली. पहिल्या ओळीच्या शेवटी '/डेटा/ग्राहक/' उरलं आणि 'जुने' खालच्या ओळीत गेलं. पहिली ओळ स्वतःच्या पायावर उभी असलेली, संपूर्ण वैध आज्ञा आहे. ती जुने ग्राहक पुसत नाही, सगळेच पुसते. घाईत कोणी तेवढीच टाइप केली तर यंत्र काहीही विचारणार नाही, कारण '-आरएफ'चा अर्थच मुळी 'आतलं सगळं पुस आणि विचारू नकोस' असा आहे.

दुसरं उदाहरण कमी भयंकर आहे, पण जास्त वेळा भेटतं. 'टच' या आज्ञेला '--नो-क्रिएट' असा पर्याय आहे. 'नो' आणि 'क्रिएट' यांच्यामध्ये हायफन आहे. आरपीएम या पॅकेज व्यवस्थापकाला '--नोडेप्स' असा पर्याय आहे. इथे मध्ये हायफन नाही. आता छापील ओळीच्या शेवटी '--नो-' दिसलं आणि उरलेलं पुढच्या ओळीत गेलं, तर तो हायफन पर्यायाचा भाग आहे की ओळ तोडताना यंत्राने घातलेला आहे? वाचणाऱ्याकडे हे ओळखायचा कुठलाही मार्ग नाही. गद्यातल्या शब्दात हायफन घालून ओळ तोडणं हा जुना, सभ्य रिवाज आहे. आज्ञेत मात्र तोच रिवाज खोटी माहिती देतो.

म्हणजे दोन वेगळे दोष आहेत. एक दिसण्याचा, एक अर्थाचा. 'आवृत्ती' एका ओळीत आणि '३.१२' दुसऱ्या ओळीत, किंवा 'पोर्ट' वर आणि '८०८०' खाली, हा पहिल्या प्रकारचा. आज्ञा, पर्याय, मार्ग आणि वेबपत्ते तुटणं हा दुसऱ्या प्रकारचा. या दोन्हींना एकच औषध दिलं जातं, आणि बराचसा गोंधळ तिथेच सुरू होतो.

मॅन-पेज: साधन चांगलं, सवय वाईट

युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची. मॅन-पेजेस पुढे ज्या घराण्यातल्या साधनांनी मांडली गेली, ते रॉफ, एनरॉफ, ट्रॉफ. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ग्रॉफ असतं. ही मंडळी परिच्छेद घेतात, ओळी भरतात, पारंपरिक पद्धतीत दोन्ही कडा सारख्या करतात आणि गरज पडली तर शब्द हायफन घालून तोडतात. टर्मिनलची रुंदी साधारण ८० अक्षरं धरलेली असते.

आता यात लेखकाच्या हाती काय आहे ते बघा. ग्रॉफमध्ये बॅकस्लॅश आणि टिल्ड लिहिलं की न तुटणारी पण ताणली जाणारी स्पेस मिळते. शब्दाच्या आधी बॅकस्लॅश आणि टक्क्याचं चिन्ह लावलं की तो शब्द यंत्र आपणहून हायफनने तोडत नाही. बॅकस्लॅश आणि अपूर्णविराम लिहिला की उलटं होतं: 'इथे तोडायला हरकत नाही, पण तोडलंस तर हायफन छापू नकोस' अशी परवानगी मिळते. लांब मार्ग आणि वेबपत्त्यांना हीच हवी असते. म्हणजे 'तोडू नकोस' आणि 'इथे तोड' या दोन्ही गोष्टी म्हणायची सोय या साधनात आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या घराण्यातलं हे साधन आजच्या कित्येक लेखन-साधनांपेक्षा या बाबतीत पुढे आहे.

मग अडलं कुठे? सवयीत. सगळ्यात मोठा घोळ हायफनचा. ट्रॉफच्या जगात नुसता '-' म्हणजे गद्यातलं संयोगचिन्ह, आणि त्याच्या आधी बॅकस्लॅश लावला तर आज्ञेत टाइप करायचं चिन्ह. लेखक अनेक वर्षं सरसकट नुसता '-' लिहीत राहिले. टर्मिनलवर दोन्ही सारखेच दिसत होते, त्यामुळे कोणाचं बिघडलं नाही. २०२३ मध्ये ग्रॉफची १.२३.० ही आवृत्ती आली. तिने युनिकोड टर्मिनलवर हा फरक पाळायचं ठरवलं, आणि नुसत्या '-' च्या जागी युनिकोडचं खरं संयोगचिन्ह उमटू लागलं. त्याचा क्रमांक दशमान पद्धतीत ८२०८. कीबोर्डवरच्या हायफनचा क्रमांक ४५. डोळ्याला दोघे जुळे भाऊ, पण यंत्राला परके. पानावरून पर्याय उचलून टर्मिनलमध्ये डकवला तर आज्ञेला तो ओळखता येईना, आणि पानात तो पर्याय शोधला तर सापडेना. डेबियनमध्ये यावर लांबलचक चर्चा झाली आणि शेवटी तिथे जुनी वागणूकच परत आणली गेली: मॅन-पेजमध्ये '-' म्हणजे कीबोर्डवरचा हायफन.

तत्त्वाने ग्रॉफ बरोबर होतं, हे आम्हाला मान्य आहे. पण निर्णय डेबियनचा योग्य वाटतो. इतक्या वर्षांत लिहिली गेलेली पानं कोणी उद्या सकाळी दुरुस्त करणार नाही, आणि तोवर शिक्षा वाचणाऱ्याला का? तरीही एक गोष्ट नोंदवू: लेखकांनी आपल्याला काय म्हणायचंय ते सुरुवातीपासून नीट लिहिलं असतं, तर हा वाद उभाच राहिला नसता.

टेख: कुरकुरणारं यंत्र

क्नूथ यांनी टेखवर काम सुरू केलं ते १९७७ च्या सुमारास. नावातलं शेवटचं अक्षर ग्रीक आहे, म्हणून उच्चार टेख. ओळी तोडण्याच्या बाबतीत टेखचं नाव झालं ते एका कल्पनेमुळे: प्रत्येक ओळ सुटी न बघता अख्खा परिच्छेद एकदम बघायचा. क्नूथ आणि मायकेल प्लास यांचा यावरचा निबंध १९८१ चा. तिसऱ्या ओळीत थोडी तडजोड केली तर सातवी ओळ सुधारते का, असा हिशेब टेख करतं. प्रत्येक तोडजागेला दंड असतो, आणि एकूण दंड कमीत कमी होईल अशी मांडणी निवडली जाते. दंड १०,००० असेल तर तिथे तोडायचंच नाही.

पण आपल्या विषयाला त्या हिशेबापेक्षा एक छोटं चिन्ह जास्त महत्त्वाचं आहे: '~', टिल्ड. त्याला तिथे 'टाय' म्हणतात, म्हणजे गाठ. क्नूथ यांच्या १९८४ च्या टेखवरच्या पुस्तकात ही गाठ कुठे मारावी याचे नियमच दिलेत. नावातल्या आद्याक्षरांपाशी, 'प्रकरण' आणि त्याच्या क्रमांकामध्ये, चिन्ह आणि ते ज्याचं आहे त्या नामामध्ये. म्हणजे आपला 'पु.~ल.~देशपांडे' तिथे तसाच बसतो. आणि ती गाठ हस्तलिखितात उघड दिसते. संपादकाला दिसते, सहलेखकाला दिसते, कोणी चुकून पुसली तर तेही दिसतं. या उघडेपणाचं महत्त्व पुढे वेबकडे वळल्यावर कळेल.

दुसरी गोष्ट टंकलेखनी अक्षरांची, म्हणजे आज्ञा ज्या सारख्या रुंदीच्या अक्षरांत छापतात त्यांची. टेखमध्ये या अक्षरसंचापुरती हायफनने तोडण्याची सोय मुळातच बंद ठेवलेली आहे. मग आज्ञा ओळीत मावली नाही तर? टेख ती समासात बाहेर जाऊ देतं आणि लेखकाकडे तक्रार नोंदवतं: ओळ ओसंडली आहे, अमुक इतकी. लोकांना ही तक्रार वैताग वाटते. आम्हाला ती टेखची सगळ्यात चांगली सवय वाटते. यंत्राने गुपचूप चुकीची तोड करण्यापेक्षा 'मला जमत नाही, तूच बघ' असं सांगणं जास्त प्रामाणिक आहे. मग लेखक वाक्य बदलतो, किंवा आज्ञा स्वतंत्र ओळीवर घेतो.

याच विचाराचं आणखी एक उदाहरण. वेबपत्ते छापण्यासाठी लाटेखमध्ये 'यूआरएल' नावाचं पॅकेज आहे. ते तिरपी रेषा, बिंदू अशा चिन्हांपाशी पत्ता तोडू देतं, पण हायफनपाशी आपणहून तोडत नाही. तसं हवं असेल तर वेगळा पर्याय देऊन मागावं लागतं. कारण आपण वर पाहिलंच: ओळीच्या टोकाला आलेला हायफन कोणाचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' हा संपादकांचा जाडजूड ग्रंथही हेच सांगतो की पत्ता तोडताना हायफन घालू नका.

टेखचा दोष काय? ते ठरलेल्या रुंदीच्या कागदासाठी आहे. पान एकदा तयार झालं की रुंदी बदलत नाही. त्यामुळे लेखकाला शेवटी हाताने दुरुस्ती करायचा मोह होतो, आणि पुढच्या आवृत्तीत एक वाक्य वाढलं की त्या सगळ्या दुरुस्त्या उलट्या अंगावर येतात. तोडायला सांगणारी जागा लिहून ठेवली तर ती शिळी होते. गाठ शिळी होत नाही.

वेब: औषधच रोग होतं

आता वेब. इथे रुंदी ठरलेलीच नसते. तेच पान कोणी मोठ्या पडद्यावर वाचतं, कोणी मोबाईलवर, कोणी अक्षरं चौपट मोठी करून. त्यामुळे 'शेवटी पान बघून दुरुस्त करू' हे इथे शक्यच नाही. बघायला एक पानच नाही.

ब्राउझरला आज्ञा म्हणजे काय ते कळत नाही. एचटीएमएलमध्ये 'कोड' असं खुणेने सांगितलं तरी आपणहून तो फक्त अक्षरसंच बदलतो. स्पेस दिसली, तोड. हायफन दिसला, तोड. युनिकोडचे ओळ तोडण्याचे सर्वसाधारण नियम आहेत, पण ते गद्यासाठी बनलेत. '--ड्राय-रन' हा त्यांच्या दृष्टीने हायफनवाला शब्दच. त्यातून पानाच्या रचनेत कोणी सगळ्या लेखाला आपोआप हायफन घालायची सूचना दिली, तर ती सूचना आतल्या 'कोड'लाही वारशाने मिळते. आम्हाला हा पायाभूत दोष वाटतो. 'ही आज्ञा आहे' असं लेखकाने सांगितल्यावरही माध्यम ती गद्यासारखी वागवतं.

मग लेखक काय करतात? न तुटणारी स्पेस घालतात. युनिकोडमध्ये तिचा क्रमांक १६०. गद्यात ती उत्तम. 'पायरी' आणि '४' यांच्यामध्ये, '१०' आणि 'एमबी' यांच्यामध्ये, 'डॉ.' आणि नावामध्ये जरूर घाला. पण हीच स्पेस आज्ञेच्या आत घातली की वाट लागते. दिसायला ती साध्या स्पेससारखीच. वाचणारा आज्ञा उचलतो, टर्मिनलमध्ये डकवतो, आणि बॅश म्हणतो, अशी आज्ञा नाही. कारण बॅशच्या लेखी १६० क्रमांकाचं अक्षर हे दोन शब्द वेगळे करणारं नाहीच. त्याला आज्ञा आणि पर्याय मिळून एक लांबलचक विचित्र शब्द दिसतो. पायथनच्या नव्या आवृत्त्या निदान स्पष्ट सांगतात की न दिसणारं अमुक अक्षर इथे आलंय. बाकी ठिकाणी माणूस अर्धा तास त्याच ओळीकडे बघत बसतो.

हीच गत न तुटणाऱ्या हायफनची. क्रमांक ८२०९. पर्यायात तो घातला तर ओळ छान राहते आणि पर्याय चालत नाही. हीच गत शून्य रुंदीच्या स्पेसची, क्रमांक ८२०३, जी लांब मार्ग तुटावा म्हणून मध्ये मध्ये पेरतात. ती उचलताना सोबत येते आणि मग 'अशी फाईल नाही'. तिच्याऐवजी एचटीएमएलची 'डब्ल्यूबीआर' ही खूण वापरली तर तोडजागा मिळते आणि उचललेल्या मजकुरात काहीही शिरत नाही.

टेखच्या गाठीशी तुलना करा. ती हस्तलिखितात दिसत होती आणि छापलेल्या पानावर नव्हती. वेबवरची ही अक्षरं लिहिताना दिसत नाहीत आणि वाचणाऱ्यापर्यंत मात्र पोचतात. नेमकं उलटं झालंय. म्हणून आमचा नियम सरळ आहे: अदृश्य अक्षरं गद्यात चालतील, आज्ञेत कधीही नाही. आज्ञा अखंड ठेवायची तर ती मजकुराबाहेरून ठेवा, म्हणजे रचनेच्या सूचनेतून. सीएसएसमध्ये 'नोरॅप' म्हटलं की तो तुकडा तुटत नाही, आणि उचललेली अक्षरं जशीच्या तशी राहतात. पर्लच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, ज्याला पॉड म्हणतात, 'एस' नावाची खूण याच कामासाठी आहे: या कंसातला मजकूर तुटू देऊ नका. लेखक हेतू सांगतो, अक्षर पेरत नाही.

पण इथे दुसऱ्या टोकाला जाणारेही आहेत. सगळ्याच 'कोड'ला 'नोरॅप' लावून मोकळे होतात. मग मोबाईलवर ६० अक्षरांचा मार्ग पडद्याच्या बाहेर जातो आणि अख्खं पान आडवं सरकू लागतं. वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या २०१८ च्या आवृत्तीत अपेक्षा अशी आहे की ३२० पिक्सेल रुंदीत वाचताना दोन्ही दिशांना सरकवावं लागू नये; खरोखर आडवी मांडणी लागते अशा गोष्टींनाच सूट. ही अट कमी दिसणाऱ्या वाचकांसाठी आहे, जे अक्षरं चौपट मोठी करून वाचतात. 'काहीच तुटू देणार नाही' हा हट्ट त्यांच्या मुळावर येतो. म्हणून छोटे तुकडे – एक पर्याय, एक आज्ञा आणि तिचा एक पर्याय – अखंड ठेवा. लांब आज्ञा परिच्छेदातून बाहेर काढा.

बाहेर काढली तरी ती लांबच आहे. मग ती लेखकाने स्वतः, विचार करून तोडावी. युनिक्सच्या शेलमध्ये ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश दिला की आज्ञा पुढच्या ओळीत चालू राहते. ही तोड आज्ञेच्या भाषेतलीच आहे, त्यामुळे वाचणारा आणि यंत्र दोघांनाही ती कळते. फक्त त्या बॅकस्लॅशनंतर चुकून स्पेस राहू देऊ नका. स्पेस राहिली की जोड सुटते आणि पहिली ओळ एकटीच चालते. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हेच काम '^' हे चिन्ह करतं, पॉवरशेलमध्ये उलटं अवतरणचिन्ह. तीन शेलांसाठी एकच नमुना छापला तर दोन ठिकाणी तो चुकणारच.

मराठीत लिहिताना

इंग्रजी मार्गदर्शिका वाचून मराठी डॉक्युमेंटेशन लिहायला बसलं की दोन गोष्टी कोणी सांगितलेल्या नसतात.

पहिली, नकार. इंग्रजीत 'करू नका' यातला नकार वाक्याच्या सुरुवातीला येतो. मराठीत तो शेवटी येतो. 'सेवा चालू असताना ही फाईल हलवू नका.' आता ओळ 'हलवू' नंतर तुटली आणि 'नका' खाली गेलं. किंवा त्याहून वाईट, पान तिथेच संपलं. अरुंद रकान्यात, तक्त्यात, बटणाशेजारच्या सूचनेत हे सहज घडतं. घाईतला माणूस ओळीच्या टोकाला 'ही फाईल हलवू' वाचतो आणि हात आधीच चालायला लागलेला असतो. इथे क्रियापद आणि 'नका' यांच्यात न तुटणारी स्पेस हवीच. हे गद्य आहे, आज्ञा नव्हे, त्यामुळे चालेल. त्याहून चांगलं म्हणजे वाक्य फिरवणं: 'हलवू नका: सेवा चालू असताना ही फाईल जागेवरच असावी लागते.' इशारा आधी, कारण नंतर.

दुसरी, प्रत्यय. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतो, पण शब्द रोमन आज्ञा असेल तर लेखक बिचकतो. कोणी 'गिट ला' असं सोडून लिहितो. मग ओळ तुटते आणि 'ला' एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन बसतो. कोणी 'गिट-ला' असं हायफनने जोडतो. मग ओळ हायफनवर तुटते, आणि तो हायफन आज्ञेच्या नावात आहे का, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. थेट चिकटवलं तर ओळ तुटत नाही, पण नवख्याला आज्ञा कुठे संपली ते कळत नाही, आणि उचलताना प्रत्ययही सोबत येऊ शकतो. आमचा उपाय व्याकरणातला आहे: आज्ञेनंतर एक मराठी नाम घाला आणि प्रत्यय त्याला लावा. 'गिट या आज्ञेला', '--नो-क्रिएट हा पर्याय दिल्यावर', 'या फाईलमध्ये'. आज्ञा स्वच्छ राहते, मराठीही मराठी राहते, आणि ओळ कुठेही तुटली तरी बिघडत नाही.

इथेच आमचा मुख्य मुद्दा जास्त स्पष्ट होतो. बहुतेक वाईट तोडी साधनांनी थांबवण्याआधी वाक्याने थांबवता येतात. जे वाक्य कुठेही तुटलं तरी अर्थ टिकवतं, ते मुळातच चांगलं वाक्य असतं. परिच्छेदाच्या पोटात पुसण्याची आज्ञा लपवणं हा मांडणीचा दोष नव्हता, लेखनाचाच होता.

दोन प्रश्न

श्रोत्यांतून प्रश्न आला की हे सगळं संपादकाने शेवटी एकदा बघितलं तर काय हरकत आहे? छापील पुस्तकात एकवेळ चालेल. पण संपादकाला 'नो' आणि 'डेप्स' मधे हायफन आहे की नाही हे कुठून माहीत असणार? ते लेखकालाच माहीत. आणि वेबवर 'शेवट' नसतोच.

दुसरा प्रश्न: हल्ली टर्मिनल शहाणी झालीत, डकवलेलं लगेच चालवत नाहीत, मग भीती कशाला? खरं आहे. बॅशच्या ५.१ या डिसेंबर २०२० च्या आवृत्तीपासून अनेक ओळी एकदम डकवल्या तरी एंटर दाबेपर्यंत त्या चालत नाहीत, ही सोय आपोआप चालू असते. चांगलंच झालं. पण ती सोय डकवणाऱ्याला वाचवते. छापील पान किंवा दुसरा पडदा बघून टाइप करणाऱ्याला वाचवत नाही. बंद पडलेल्या सर्व्हरपुढे बसलेला माणूस बहुधा तेच करत असतो.

जाता जाता घरी करून बघायची एक चाचणी. तुमच्या डॉक्युमेंटेशनचं एक पान उघडा. खिडकी मोबाईलएवढी अरुंद करा, मग हळूहळू रुंद करत न्या, आणि प्रत्येक टप्प्यावर ओळींची टोकं वाचा, फक्त टोकं. एखादं टोक स्वतःच पूर्ण आज्ञा वाटतंय का? कुठे 'नका' खाली सुटलंय का? मग प्रत्येक आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये नव्हे, कोऱ्या फाईलमध्ये डकवा, आणि त्यात स्पेस आणि हायफन साधेच आहेत ना, ते शोधून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. जे सापडेल ते ठिगळ लावून झाकू नका. आधी वाक्य बदलून बघा, मग खूण, आणि अदृश्य अक्षर सगळ्यात शेवटी.